बारा वर्षांच्या मुलीला मराठीतले पहिले चरित्र कोणते द्यावे?
वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) द्यावे. शाळेच्या ग्रंथालयात मी या वयाच्या मुलांना प्रथम हेच सुचवते, कारण गुलामगिरीत जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेतील टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत रुजू होतात, टाकून दिलेल्या बाटल्या गोळा करून प्रयोगशाळा उभारतात आणि सततच्या कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला शेतकऱ्यांना शिकवतात, या साऱ्यात उपदेशापेक्षा प्रत्यक्ष काम दिसते, आणि मुलांना तेच धरून ठेवते. मात्र कार्व्हर तान्हे असतानाच त्यांच्या आईला पळवून नेले गेले, तेव्हा मूल हळवे असल्यास सुरुवातीचा भाग मोठ्यांनी सोबत बसून वाचावा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र दोन-तीन वर्षांनी अधिक रुचेल.