वाचकांचे प्रश्न : सात वर्षे साथ देणारा लॅपटॉप

प्रश्न : मी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे संगणकावर तयार करते, स्वतः काढलेल्या छायाचित्रांवर काम करते आणि महिन्यातून एखाद-दुसरी दहा-पंधरा मिनिटांची चित्रफीत संपादित करते. उरलेला वेळ लेखन, पत्रव्यवहार, हिशेब आणि व्हिडिओ कॉल यांत जातो. नवा लॅपटॉप किमान सहा-सात वर्षे टिकावा अशी इच्छा आहे. माझ्या रकमेत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मिळते, पण मेमरी (रॅम) १६ जीबीच राहते. किंवा मधल्या श्रेणीचा प्रोसेसर, ३२ जीबी मेमरी आणि चांगली स्क्रीन मिळते. काय निवडावे?

उत्तर : दुसरा पर्याय निवडा. त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगायला हवीत, कारण बहुतेक जण नेमके उलट करतात आणि तीन-चार वर्षांनी हळहळतात.

माझा आधीचा लॅपटॉप बिघडला म्हणून नव्हे, तर अपुरा पडू लागला म्हणून बदलावा लागला. त्याचा प्रोसेसर तेव्हाही कामाला पुरेसा होता, कळफलक आणि बिजागऱ्या शाबूत होत्या. पण त्याची ८ जीबी मेमरी मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली होती आणि ती वाढवण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तेव्हापासून कोणत्याही लॅपटॉपच्या प्रत्येक भागाबद्दल माझा पहिला प्रश्न एकच असतो : हा भाग पुढे बदलता येईल का? जो बदलता येणार नाही, त्यावर आज खर्च करावा. जो बदलता येईल, त्याचा खर्च पुढे ढकलता येतो.

या कसोटीवर सर्वांत आधी मेमरी येते. तुमच्या कामाचेच उदाहरण घेऊ. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र १६ बिटमध्ये उघडले, की लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी प्रत्येक बिंदूला सहा बाइट लागतात. म्हणजे एका पूर्ण थरालाच (लेयरला) सुमारे १४४ एमबी जागा हवी. मुखपृष्ठात असे दहा थर सहज होतात आणि आकडा दीड जीबीच्या आसपास पोहोचतो. त्यावर मागे घेता येणाऱ्या पायऱ्यांची नोंद, शेजारी उघडलेला ब्राउझर, चालू असलेला कॉल आणि खुद्द कार्यप्रणालीचा वाटा असतो. फोटोशॉपसाठी आजच १६ जीबीची शिफारस केली जाते, म्हणजे आज जे पुरेसे आहे तेच तुम्ही सात वर्षांसाठी विकत घेणार. मेमरी अपुरी पडली की संगणक एसएसडीचा, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कचा, काही भाग मेमरीसारखा वापरू लागतो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती मेमरीच्या वेगाच्या जवळपासही जात नाही, आणि सततच्या लिखाणाने तिचे आयुष्यही खर्ची पडते. शिवाय स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रांचे कामही याच मेमरीतून वाटा घेते. त्यामुळे ३२ जीबी ही तुमच्यासाठी चैन नाही.

मेमरी बदलता येते की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहता येते. तपशिलात ‘एलपीडीडीआर’ असे लिहिले असेल, तर ती जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेच्या लॅपटॉपमध्ये तर ती मुख्य चिपच्या शेजारी एकाच संचात बसवलेली असते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी जेवढी घ्याल तेवढीच कायम. याउलट ‘सोडिम’ खाचा, म्हणजे मेमरीच्या सुट्ट्या पट्ट्या बसवण्याच्या जागा, असतील, तर आज १६ जीबी घेऊन पुढे वाढवण्याची मोकळीक राहते. अशा वेळी एकच पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. दोन मार्गांनी एकाच वेळी माहितीची देवाणघेवाण होते आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला त्याचा चांगला उपयोग होतो. काही लॅपटॉपमध्ये थोडी मेमरी सोल्डर केलेली आणि एक खाच मोकळी असते. हाही मध्यम मार्ग वाईट नाही.

आता प्रोसेसरकडे वळू. येथे नावापेक्षा थंडाव्याची व्यवस्था महत्त्वाची असते. एकच प्रोसेसर पातळ आणि जाड अशा दोन लॅपटॉपमध्ये बसवला, तर पहिले मिनिट दोन्ही सारखेच वेगवान वाटतील. पण चित्रफीत तयार होण्यास वीस मिनिटे लागणार असतील, तर पातळ यंत्र तापते, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि वरच्या श्रेणीसाठी मोजलेले पैसे वाया जातात. म्हणून परीक्षण वाचताना सर्वोच्च वेगाचा आकडा बाजूला ठेवून, अर्धा तास सलग भार दिल्यावर काय झाले ते शोधावे. ग्राफिक्स कार्डाचेही असेच आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपसाठीचे कार्ड ३५ ते ११५ वॅट अशा वेगवेगळ्या मर्यादांवर चालवता येते. नाव तेच, पण काम करण्याची ताकद फार वेगळी.

तुम्हाला स्वतंत्र कार्डाची गरज मला दिसत नाही. त्रिमितीय दृश्ये, भरपूर दृश्य-परिणाम (इफेक्ट्स) किंवा दाणेदार दृश्य स्वच्छ करण्याचे जड काम नेहमीचे असते, तर माझा सल्ला वेगळा असता आणि किमान ८ जीबी ग्राफिक्स मेमरीचे कार्ड सुचवावे लागले असते, कारण तीही नंतर वाढवता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रफितीसाठी मात्र वेगळीच गोष्ट तपासा : तुमचा कॅमेरा कोणत्या स्वरूपात चित्रण करतो? अनेक नवे कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या प्रकारात १० बिट ४:२:२ असे, म्हणजे रंगांची अधिक माहिती जपणारे, चित्रण करतात आणि ते उलगडणारी यंत्रणा प्रोसेसरमध्ये नसेल, तर बलाढ्य लॅपटॉपवरही दृश्य अडखळते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आणि ॲपलच्या एम मालिकेत ही सोय आहे. संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ती सोय वापरू देते का, हेही पाहून घ्यावे.

स्क्रीनबद्दल मी जरा आग्रही आहे, कारण चित्रकाराचे सगळे निर्णय तिच्यावरूनच होतात. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी हा एक जुना रंगपट) लिहिलेली स्क्रीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका; ती एसआरजीबी या मूलभूत रंगपटाचाही जेमतेम दोन-तृतीयांश भाग दाखवते, त्यामुळे तुम्ही फिके दिसणारे रंग गडद करत जाल आणि तेच चित्र इतरांच्या स्क्रीनवर भडक दिसेल. एसआरजीबी पूर्ण, म्हणजे १०० टक्के, ही किमान अट ठेवा. डीसीआय-पी३ हा विस्तृत रंगपट मिळाला तर उत्तमच. तेजस्विता ४०० निट्सच्या आसपास असावी. ओएलईडी स्क्रीनचा काळा रंग अप्रतिम असतो, पण रोज तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या साधनपट्ट्यांचा ठसा तिच्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. सात वर्षांच्या हिशेबात मी चांगली आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) स्क्रीनच निवडेन. १६:१० प्रमाणाची असल्यास लेखनालाही थोडी अधिक उंची मिळते.

साठवणीसाठी १ टीबी पुरे, मात्र एसएसडी एम.२ खाचेतली, म्हणजे बदलता येणारी असावी. सेकंदाला १०० मेगाबिट दराने केलेले चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते, तेव्हा जुने काम बाहेरच्या डिस्कवर हलवण्याची सवय तुम्हाला लावावीच लागेल. त्या डिस्कवरच्या कामाची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवायला विसरू नका.

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप उत्तम चालतो, पण त्यावर विंडोज ११ बसत नाही. नव्या लॅपटॉपचेही असेच होणार नाही, याची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची नियमित अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे ८ व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ७ व्या पिढीचे अनेक सुस्थितीतले लॅपटॉप नियमाबाहेर गेले. यातून खरेदीसाठी घेण्यासारखी गोष्ट अशी, की सवलतीत निघालेला दोन-तीन पिढ्या जुना साठा स्वस्त दिसला तरी त्याच्या आयुष्याची वर्षे आधीच सरलेली असतात. नवी किंवा तिच्या लगतची मागची पिढी घ्यावी. तुमचे सध्याचे यंत्र मात्र टाकून देऊ नका. त्यावर लिनक्स बसवल्यास लेखन, वाचन आणि इंटरनेटची कामे आणखी काही वर्षे सुरक्षितपणे होतील.

प्रश्न : मी दिवसभर चार्जर लावूनच काम करतो. त्याने बॅटरी खराब होते का?

उत्तर : चार्जर लावून काम करण्यात गैर काही नाही, बॅटरीला सतत १०० टक्क्यांवर आणि तेही गरम अवस्थेत ठेवणे तिला मानवत नाही. लिथियम-आयन बॅटरीचा ऱ्हास जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांनी वेगाने होतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती आजच सुरू करा. तरीही लॅपटॉपमधल्या अनेक बॅटऱ्या सुमारे ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरतात, म्हणून सात वर्षांत एकदा ती बदलावी लागेल असे धरूनच चाला. खरेदी करताना खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का आणि बॅटरी चिकटवलेली आहे की स्क्रूंनी बसवलेली आहे, हे उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहता येते. ज्या लॅपटॉपची अशी पुस्तिका सर्वांसाठी खुली असते, त्याला मी नेहमी झुकते माप देतो. आणि टचपॅड कधी वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली असल्याची शक्यता असते. अशा वेळी चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि स्वतः टोचून किंवा दाबून न पाहता जाणकाराकडून ती बदलून घ्यावी.