पहिली-दुसरीचे वाचन कोपरे: पळापळ होते, वाचन होत नाही

ताई, तुमची अडचण अशी की वर्ग दुसरीचा, मुलं चाळीसच्या आसपास, तुम्ही एकट्या. वर्गात वाचनाच्या खेळांचे चार कोपरे लावले की मुलं नुसती पळतात आणि खाली बसवली की नुसती चित्रं रंगवतात. कोपरे बंद करू का, असं विचारलंय. बंद करू नका. खेळ बदला.

कुठलाही खेळ लावायच्या आधी मी एकच बघते: यातली अक्षरं पुसली तरी खेळ तसाच चालेल का? चालत असेल, तर त्यात वाचन नाही. पळत जाऊन शब्दपट्टी टोपलीत टाकायची, हा खेळ घ्या. टोपली एकच असेल तर पोरगं पट्टीकडे बघतसुद्धा नाही. तिथं दोन टोपल्या ठेवा, एकीवर 'घ', दुसरीवर 'ध'. पट्ट्यांवर घर, धार, घागर, धडा. आता बघितल्याशिवाय पाऊल उचलत नाही. पुढच्या आठवड्यात 'म' आणि 'भ'. दोन्ही जोड्यांत खूण तीच आहे, 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. ती मुलांनाच शोधू द्या.

दुकानाचा कोपरा तर ठेवाच. फक्त डब्यांवर चित्र नको, नुसतं नाव हवं, आणि सगळी नावं एकाच अक्षरानं सुरू होणारी घ्या: गूळ, गहू, गवार, गाजर. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, 'पाव किलो गवार'. पहिलं अक्षर बघून अंदाजानं डबा उचलायची सवय इथंच मोडते, कारण शेवटपर्यंत वाचावंच लागतं. चुकीचा डबा आला तर गिऱ्हाईकच परत पाठवतं, तुम्हाला तिथं उभं राहावं लागत नाही.

मराठीत पोरं सगळ्यात जास्त अडतात ती पहिल्या वेलांटीला. लिहिलेली अक्षराच्या आधी, बोलायची नंतर. हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी डोक्यात बसत नाही, अंगानं केलं की बसतं. एकाच्या गळ्यात 'क' ची पाटी अडकवा. दुसरा वेलांटी. तो वाचणाऱ्यांच्या डाव्या हाताला उभा राहतो आणि 'क' च्या डोक्यावरून हात नेतो. हात वर जाईपर्यंत सगळे 'क' म्हणतात, डोक्यावर आला की 'कि'. मग तोच उजवीकडे जाऊन हात टाकतो, आवाज लांबतो, 'की'. 'क' बाजूला होतो, 'द' येतो, 'म' येतो. पहिलीच्या मुलांना हा खेळ मी रोज देते.

जमिनीवरच्या खेळांना पावसाळ्यात मैदान मिळत नाही आणि व्हरांड्यातला खडू पुसून जातो. पेठेतल्या एखाद्या मंडळाकडून सण झाल्यावर जुनं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, मागून घ्या. मागची पांढरी बाजू वर करा, न पुसणाऱ्या मार्करनं चौकोन आखून बाराखडी लिहा. ठिकरी 'चु' वर पडली तर 'चुरमुरे' म्हटल्याशिवाय उडी नाही. ओल्या पायानं मात्र कुणाला त्यावर जाऊ देऊ नका, घसरतं.

चारही कोपरे एकदम उघडू नका. एक खेळ आधी सगळ्या वर्गाला आठवडाभर खेळवा, मग तो कोपऱ्यात जाऊ दे. पोरांना नियम पाठ झाला की ती तुमच्याकडं विचारायला येत नाहीत. तुम्ही एकाच कोपऱ्यात खाली बसायचं, जे अडतात त्यांच्याजवळ. बाकीचे कोपरे जोडीनं, एक वाचणारा, एक शिकणारा.

लिहायच्या कोपऱ्यात पोरगं जे बोलतं तेच लिहा. 'आमची म्हस व्याली' असं म्हणालं तर पट्टीवर 'म्हस'च येऊ दे. स्वतःच्या तोंडचं वाक्य ते अडखळत का होईना, पूर्ण वाचतं, दुसऱ्याला दाखवायला नेतं. 'म्हैस' पाठ्यपुस्तकात भेटेलच, तेव्हा दोन्ही पट्ट्या शेजारी लावा.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचण्याची अपेक्षा आहे, म्हणून काही जण कोपऱ्यातच घड्याळ लावतात. तसं नको. वेग तुमच्याशेजारी बसवून वेगळा मोजा. सोमवारी फक्त दुकान उघडा. डबे मुलांनाच घरून आणू दे, नावंही त्यांनीच लिहू दे.