भावना मोजायच्या असतील, तर आधी काय शिकावं?

प्रश्न : मी सांगलीत ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. मनगटावरच्या घड्याळावरून ताण, राग, आनंद ओळखता येतो असं वाचलं आणि याच विषयात काम करावंसं वाटू लागलं. बाबा म्हणतात, आधी कोडिंग शीक, नोकरी धर. मी काय करू?

उत्तर : तुझी शाखा या कामाला चांगलीच जुळते. घड्याळामागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून नाडी मोजतो, काही घड्याळांतले इलेक्ट्रोड घामाने बदलणारी त्वचेची वाहकता टिपतात. हे सिग्नल तू शिकतेच आहेस. अवघड भाग त्यापुढचा. व्हायवाच्या दाराबाहेर उभी असताना तुझी नाडी वाढते, तीन मजले जिना चढलीस तरी वाढते, आणि मैत्रिणीची प्लेसमेंट झाल्याचं कळलं तरीही. शरीर किती उत्तेजित झालंय ते सेन्सर सांगतो. भीतीनं की आनंदानं, इथे तो अडखळतो. म्हणून संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे दोन विषय आत्तापासून मनापासून वाच. सेन्सर जोडणारे पुष्कळ मिळतात, हे दोन विषय जाणणारे फार कमी.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'वेसॅड' हा खुला डेटासेट उतरवून घे. त्यात १५ जणांच्या छातीवरच्या आणि मनगटावरच्या नोंदी आहेत. ताण आणला होता तो प्रयोगशाळेत, भाषण करायला लावून आणि तोंडी गणितं घालून. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ताण ओळखणारं मॉडेल बसव, पण एका माणसाचा डेटा पूर्ण बाजूला ठेवून त्याच्यावरच तपास. अनोळखी माणसावर अचूकता घसरली, तर का घसरली ते शोधत बस. खरं शिक्षण तिथेच होईल. मग स्वस्तातला नाडीचा सेन्सर ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरला जोड आणि आठवडाभर दर दोन तासांनी 'आत्ता कसं वाटतंय, काय करत होते' हे वहीत लिही. रोजच्या जगण्यात मॉडेलचं उत्तर बरोबर की चूक हे तपासायची उत्तरसूची ही वहीच असते.

बाबांचं म्हणणंही सोडू नकोस. पायथन आणि एम्बेडेड सी (उपकरणांतल्या चिपसाठी वापरली जाणारी सी भाषा) पक्कं असेल तर नोकरी मिळणं सोपं जाईल. पुढे गेटमध्ये, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेत, बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग आणि आयआयटी गांधीनगरचं कॉग्निटिव्ह सायन्समधलं एमएस्सी, दोन्हींची माहिती काढ.

काम निवडताना आरोग्याची बाजू धर, असा माझा आग्रह आहे. कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत माणसांच्या भावना यंत्रानं ओळखण्यावर युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना तेवढी सूट आहे. मला ती बंदी योग्य वाटते. प्रोजेक्टसाठी मैत्रिणींच्या मनगटावर सेन्सर बांधशील तेव्हाही लेखी संमती घे, आणि कुणी मध्येच नको म्हणाली तर तिच्या नोंदी पुसून टाक.