जंतूंना रोखणारी फिल्म मातीत कुजते तरी कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की, अन्नाच्या वेष्टनासाठी तयार होणाऱ्या जैवविघटनशील फिल्म जर जिवाणू आणि बुरशी यांना रोखतात, तर त्याच जिवाणू-बुरशींकडून त्या मातीत कुजवल्या कशा जातात. शंका अगदी रास्त आहे, आणि या क्षेत्रातल्या आम्हा लोकांनी ती स्वतःला अधिक वेळा विचारायला हवी असे मला वाटते. फिल्ममध्ये जंतुरोधक म्हणून कोणता पदार्थ घातला आहे, यावर उत्तर ठरते.

मी कायटोसान या जंतुरोधक नैसर्गिक पदार्थाच्या फिल्मवर काम करते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कोळंबीच्या टरफलांतला चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि प्रथिने सौम्य कॉस्टिक सोड्याने काढून टाकली की कायटिन उरते, आणि ते ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोड्यात तापवले की कायटोसान मिळते. ते १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून, त्यात थोडे ग्लिसरीन घालून काचेवर ओतले आणि मंद उष्णतेवर वाळवले की फिकट पिवळसर, पारदर्शक पापुद्रा सुटतो. ग्लिसरीन कमी पडले तर सोलतानाच त्याला तडे जातात, जास्त झाले तर तो बोटांना चिकटतो.

आता मुद्द्याचे. कायटोसानच्या रेणूवरील अमिनो गटांवर धन विद्युतभार येतो तो आम्लधर्मी वातावरणात, म्हणजे सामू साधारण ६.३ च्या खाली असताना. जिवाणूच्या पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने कायटोसान त्याला चिकटते, पेशीचे आवरण सैल पडते आणि आतले द्रव्य बाहेर झिरपू लागते. सामू ७ च्या आसपास असलेल्या मातीत हा भार जवळजवळ नाहीसा होतो आणि उरते ती केवळ साखरेच्या रेणूंची एक लांब साखळी. ती तोडणारी विकरे मातीतल्या अनेक जीवांकडे असतात; आपले शेतकरी रोपांच्या मुळांशी जी ट्रायकोडर्मा बुरशी घालतात, तीही रोगकारक बुरशीच्या पेशीभित्तिकेतले कायटिन अशाच विकरांनी विरघळवते.

इतर नैसर्गिक पदार्थांचेही असेच आहे. ओव्यातले थायमॉल आणि लवंगेतले युजेनॉल हळूहळू उडून जातात, आणि अन्नाभोवती बंद पिशवीत साचणारी त्यांची मात्रा उघड्या कंपोस्टच्या ढिगात टिकत नाही. (याच पदार्थांचा वास अन्नालाही लागतो, ही त्यांची मोठी अडचण आहे.) अन्न टिकवण्यासाठी वापरले जाणारे नायसिन तर एक लहान प्रथिनच असल्याने प्रथिने पचवणारी विकरे त्याचे तुकडे करतात.

खरी काळजी धातूंची आहे. चांदी, तांबे किंवा झिंक ऑक्साइड यांचे सूक्ष्म कण घातलेल्या फिल्मचे निष्कर्ष प्रयोगशाळेत उत्तम येतात, परंतु धातू कुजत नाही. फिल्म नाहीशी झाली तरी तो मातीतच राहतो. कंपोस्टयोग्य वेष्टनांसाठीच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकात जस्ताची मर्यादा किलोमागे १५० मिलिग्रॅम आणि तांब्याची ५० मिलिग्रॅम आहे. फिल्मच्या वजनाच्या अवघे १ टक्का झिंक ऑक्साइड घातले तरी जस्ताचे प्रमाण किलोमागे सुमारे ८,००० मिलिग्रॅम होते. त्यामुळे अशा फिल्मला शोधनिबंधांत सर्रास ‘पर्यावरणस्नेही’ म्हटले जाते, ते मला मान्य नाही.

कुजणे आणि कंपोस्ट होणे यांतही फरक आहे. पॉलिलॅक्टिक आम्ल या वनस्पतींच्या साखरेपासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मला ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारे औद्योगिक कंपोस्ट लागते. परसातल्या खड्ड्यात किंवा कचऱ्याच्या डेपोवर ती दीर्घकाळ तशीच पडून राहू शकते, मग तिच्यात जंतुरोधक असो वा नसो. उलट, कायटोसान ओल सहन करत नाही: ते प्राणवायू चांगला अडवते, पण पाण्याची वाफ अडवत नाही, म्हणून ओल्या मासळीवर नुसत्या कायटोसानच्या फिल्मचा भरवसा मी देणार नाही.

एखाद्या उत्पादकाकडून अशी फिल्म घेणार असाल तर तीन गोष्टी लेखी मागा: जंतुरोधक पदार्थाचे नाव आणि प्रमाण, त्या पदार्थासहित केलेली विघटनाची चाचणी, आणि तयार झालेल्या कंपोस्टमध्ये बी रुजते का याचा अहवाल. दुसरी गोष्ट मुद्दाम तपासा, कारण जंतुरोधक न घातलेल्या मूळ फिल्मचा अहवाल दाखवून काम भागवले जाण्याची शक्यता असते.