वाचक विचारतात : सॅनिटायझर कुठे चालत नाही, आणि गुळवेलीचा ‘लॅब टेस्टेड’ काढा

प्रश्न : आई परळच्या एका हॉस्पिटलात न्यूमोनियासाठी ॲडमिट होती. अँटिबायोटिक चालू असतानाच तिला जुलाब सुरू झाले आणि वेगळ्या खोलीत हलवलं. मी नेहमीसारखं सॅनिटायझर लावून आत जायला लागले तर सिस्टर ओरडल्याच, आधी बेसिनवर साबणाने हात धुवून या म्हणे. कोविडमध्ये तर सॅनिटायझर सॅनिटायझर करत होते ना सगळे? (एक ताई, डोंबिवली)

उत्तर : सिस्टर बरोबर होत्या, आणि कोविडमध्ये सांगायचे तेही बरोबरच होतं. कोविडच्या व्हायरसभोवती चरबीचं आवरण असतं, अल्कोहोलने ते फुटतं की काम झालं. पण अँटिबायोटिक चालू असताना जुलाब लागले की डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं नाव येतं क्लॉस्ट्रिडिऑइडिस (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसिल या जंतूचं, म्हणजे सी डिफ. आतड्यातले नेहमीचे जंतू औषधाने मरतात आणि रिकाम्या जागेत हा माजतो. हा स्पोअर करतो, म्हणजे जाड कवच घेऊन पडून राहतो, आणि त्या कवचाला अल्कोहोल काही करू शकत नाही. साबणानेसुद्धा स्पोअर मरत नाही बरं का, हात चोळले की सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून चांगलं ४० ते ६० सेकंद धुवायचं, नुसती बोटं ओली करून उपयोग नाही. कॉटच्या दांड्या, कमोड वगैरे तिथे ब्लीचच्या पाण्याने पुसतात तेही याचसाठी. बाकीच्या वॉर्डात हात मळलेले दिसत नसतील तर सॅनिटायझर खुशाल वापरा, तिथे तोच जास्त सोयीचा. आणि एक आगाऊपणा करून सांगतो, ट्रेनमधून आणलेली पर्स पेशंटच्या कॉटवर ठेवू नका, सगळेच ठेवतात.

प्रश्न : काकांना टीबीच्या गोळ्या चालू होऊन महिना झालाय. लघवी एकदम नारिंगी होते म्हणून काकू घाबरली आणि लिव्हर साफ व्हायला गुळवेलीचा काढा द्यायला लागली. बाटलीवर ‘लॅबमध्ये लिव्हरच्या पेशींवर तपासलेलं, शंभर टक्के सुरक्षित’ असं छापलंय. चालेल का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आधी काकूंना सांगा, नारिंगी लघवी रिफॅम्पिसिन या टीबीच्याच औषधामुळे होते, नुसत्या तेवढ्याने काही बिघडत नाही. कावीळ बघायची तर उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. पण काळजी अगदीच फुकटची नाहीये, टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात.

आता बाटलीवरचं वाक्य. कुठल्या पेशी ते लिहिलंय का? लॅबमध्ये फार वापरतात त्या हेपजी२ नावाच्या, माणसाच्या लिव्हर कॅन्सरमधून आलेल्या पेशी, भराभर वाढतात आणि स्वस्त पडतात. पण औषध फोडणारी एन्झाइम्स त्यांच्यात फार कमी, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. पॅरासिटामॉलच घ्या, मूळ औषध लिव्हरला जाळत नाही, लिव्हरच त्यातून नॅपक्वी नावाचा विषारी पदार्थ तयार करते, थोडा असला तर लिव्हरमधलंच ग्लुटाथिऑन नावाचं रसायन त्याला गप्प करतं, ओव्हरडोस झाला की ग्लुटाथिऑन संपतं आणि पेशी मरायला लागतात. ज्या पेशीत तो पदार्थ पुरेसा तयारच होत नाही ती पेशी ठणठणीत राहणार, मग त्यावरून ‘सुरक्षित’ कसं म्हणायचं?

प्राण्यांवर तपासलं म्हणजे झालं असंही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत फियालुरिडिन हे हिपॅटायटिस बीचं औषध १५ जणांना दिलं होतं, आधीच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांत हा धोका दिसला नव्हता, तरी ७ जणांची लिव्हर फेल झाली आणि ५ जण गेले.

गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये आपल्या मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी ६ रुग्णांची माहिती छापली, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पती नीट ओळखलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. तो वाद राहू दे बाजूला, पण काकूंच्या बाटलीत नक्की कुठली वेल आहे हे तरी कोण सांगणार?

माझं मत विचाराल तर टीबीच्या गोळ्या चालू आहेत तोवर काढा बंद, दारूही बंद. कारण उद्या लिव्हरच्या रक्त तपासणीत एसजीपीटी वाढलेलं निघालं तर ते गोळ्यांनी की काढ्याने हे डॉक्टरांनाही कळणार नाही, आणि उगाच टीबीचं चांगलं औषध थांबवावं लागेल. भूक मेली, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉट्स सेंटरला जा. कुठली गोळी थांबवायची आणि परत एकेक कशी सुरू करायची ते तिथले डॉक्टर ठरवतील. जाताना काढ्याची बाटली पिशवीत टाका, लेबलासकट. काकू लपवतील, त्यामुळे तुम्हीच घ्या.