देवळालीजवळ शेतात सापडलेली काचेची बाटली किती जुनी, कसं ओळखायचं?

आधी बाटलीवरची जोडाची रेघ, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथली उभी रेघ, बोटाने चाचपा. ती थेट ओठाच्या, म्हणजे बाटलीच्या तोंडाच्या, कडेपर्यंत गेली असेल तर बहुधा यंत्रावरची, म्हणजे १९०३ नंतरची. मानेतच विरली असेल तर ओठ हाताने घडवलेला; ती जपून ठेवा! मानेला चिमटा काढल्यासारख्या खाचा असतील तर ती गोटी सोड्याची. इंग्लंडच्या हायरम कॉड यांची ही गोटीच्या बाटलीची कल्पना १८७० च्या दशकातली, पण आपल्याकडे गोटी सोडा अजूनही मिळतो, म्हणून नुसत्या आकारावर वय ठरवू नका.

खणायचं तर मालकाला विचारून, जाड हातमोजे घालून. लष्करी हद्दीत किंवा नाशिकच्या मातीच्या गढीवर (प्राचीन वस्तीचं टेकाड) मात्र अजिबात नको. गढी संरक्षित आहे, तिथला थर विस्कटला की इतिहासच जातो.