संसद बंद पाडल्याने सरकारचा खर्च अडतो का?

प्रश्न असा आहे: "विरोधात असताना उधळपट्टीवर बोलणारे पक्ष सत्तेत आल्यावर तोच खर्च का करतात? आणि अधिवेशन बंद पाडून सरकारचा खर्च खरंच रोखता येतो का?"

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर फार गैरसमज आहेत. नाही, एक रुपयाही रोखला जात नाही. उलट सभागृह जितकं बंद, तितका सरकारचा पैसा सहज मंजूर होतो.

अमेरिकेत खर्चाचं विधेयक अडलं की सरकारी कार्यालयांना टाळं लागतं. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये तिथे असे ३५ दिवस गेले. आपल्याकडे तसं होऊ शकत नाही. लोकसभेने अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, फेटाळल्या तर सरकारच पडतं. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून व्हिप (पक्षादेश) मोडून मत दिलं तर खासदारकी जाते, त्यामुळे सत्ताधारी बाकावरून कुणी हलत नाही. राज्यसभा विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणारं विधेयक, फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते, नाकारू शकत नाही. म्हणजे विरोधकांच्या हातात खर्च थांबवायचं साधन मुळातच नाही. हातात आहे ते खर्च तपासायचं साधन, आणि घोषणा देत वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोर, उतरल्यावर पहिलं तेच जातं.

१४ मार्च २०१८ चा दिवस घ्या. अर्थसंकल्पी अधिवेशनाचा दुसरा टप्पा ५ मार्चला सुरू झाला होता. आंध्रचे पक्ष विशेष दर्जासाठी उभे, अण्णा द्रमुक कावेरीसाठी, काँग्रेस आणि तृणमूल पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यासाठी. रोज सकाळी तहकुबी, दुपारी तहकुबी. त्या दिवशी अध्यक्षांनी गिलोटिन लावलं, म्हणजे चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मतास टाकल्या. ९९ मंत्रालयं आणि विभागांच्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि करांविषयीचं वित्त विधेयक, तेही २१ दुरुस्त्यांसह, साधारण अर्ध्या तासात मंजूर झालं. त्या वर्षीचा अर्थसंकल्प २४ लाख ४२ हजार कोटींचा होता. एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही.

त्या वित्त विधेयकात काय काय होतं ते बघा, म्हणजे गोंधळाचा फायदा कुणाला होतो ते कळेल. एक तरतूद परकीय देणगी नियमन कायद्याबद्दलची होती. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी एका विदेशी कंपनीच्या भारतीय उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन या कायद्याचा भंग केला. २०१६ च्या वित्त कायद्याने 'विदेशी स्रोत' याची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, पण ती सप्टेंबर २०१० पर्यंतच मागे जात होती, आणि न्यायालयाचा निकाल १९७६ च्या जुन्या कायद्याखाली होता. २०१८ च्या विधेयकाने ती तारीख ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. दोन्ही मोठ्या पक्षांवरची टांगती तलवार एका ओळीने गेली. जो कायदा दोन्ही पक्षांनी मोडल्याचं न्यायालय सांगतं, तो मागच्या तारखेने बदलायचा आणि त्यावर एक शब्दही चर्चा करायची नाही, हे मला आजही सहन होत नाही.

दुसरी तरतूद खासदारांच्या वेतनाची. मूळ वेतन ५० हजारांवरून १ लाख झालं, आणि दर पाच वर्षांनी महागाईनुसार ते आपोआप वाढेल अशी सोय झाली. मार्च २०२५ मध्ये हेच वेतन १ लाख २४ हजार झालं, १ एप्रिल २०२३ पासून लागू, फक्त एका अधिसूचनेने. सभागृहात वेतनवाढीवर जी वादावादी व्हायची ती त्या अर्ध्या तासात कायमची संपली. पुढे १२ एप्रिलला सत्ताधाऱ्यांनी विरोधकांच्या गोंधळाविरुद्ध देशभर उपोषण केलं आणि भाजपप्रणीत रालोआच्या खासदारांनी २३ दिवसांचं वेतन सोडणार असं जाहीर केलं. ज्या गोंधळात आपली विधेयकं बिनचर्चेची पार पडली त्याच गोंधळाविरुद्ध उपोषण, हा दुटप्पीपणाच आहे.

यावर भाजपविरोधकांनी खूश व्हायचं कारण नाही. एप्रिल २०१३ मध्ये काँग्रेसप्रणीत यूपीए सरकार होतं, कोळसा खाणवाटपावरून सभागृह बंद होतं, आणि तेव्हाही सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिनने आणि वित्त विधेयक बिनचर्चेचं मंजूर झालं. भाजपने सभात्याग केला. मार्च २०२३ मध्ये विरोधक अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती मागत होते आणि राहुल गांधींनी माफी मागावी म्हणून सत्ताधारी पक्षच घोषणा देत होता. सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च पुन्हा बिनचर्चेचा. दुसऱ्या दिवशी ६४ दुरुस्त्यांसह वित्त विधेयक. त्यातल्या एका दुरुस्तीने १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या) म्युच्युअल फंडांवरचा दीर्घकालीन नफ्याचा आणि इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याचा, करलाभ काढून टाकला. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ही गोष्ट नव्हतीच. लोकांना ती नीट कळायच्या आतच लोकसभेत मंजुरी झाली.

२०१३, २०१८, २०२३ या तिन्ही वर्षांत एक साम्य आहे: निवडणुकीआधीचा तो शेवटचा पूर्ण अर्थसंकल्प होता. पुढच्या वर्षी फक्त लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी. ज्या वर्षी खर्चाची सगळ्यात कडक झाडाझडती व्हायला हवी, नेमकं त्याच वर्षी शून्य चर्चा. कारण साधं आहे. त्या वर्षी दोन्ही बाजूंना सभागृहापेक्षा कॅमेरा महत्त्वाचा असतो, आणि नव्या योजनांविरुद्ध नोंदलेलं मत कुणालाच नको असतं.

आता तुमचा पहिला भाग, तोच खर्च का करतात. कारण विरोधात असताना केलेल्या भाषणाची किंमत कधी मोजावी लागत नाही. तेल रोख्यांचं घ्या. यूपीएने तेल कंपन्यांना रोख अनुदान न देता सव्वा लाख कोटींच्या वर रोखे दिले, म्हणजे तूट कागदावर कमी दिसली आणि परतफेड पुढच्या सरकारवर गेली. हे चूकच होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इंधनावरचा कर कमी न करण्याचं कारण म्हणून हेच रोखे पुढे केले. पण त्यांचं व्याज वर्षाला साधारण १० हजार कोटी, आणि २०२०-२१ मध्ये इंधनावरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला मिळाले पावणेचार लाख कोटींच्या आसपास. शिवाय ऑक्टोबर २०१७ मध्ये याच सरकारने सरकारी बँकांसाठी १ लाख ३५ हजार कोटींचे पुनर्भांडवलीकरण रोखे, म्हणजे बँकांचं भांडवल वाढवण्यासाठीचे रोखे, जाहीर केले. तंत्र तेच: तुटीत फक्त व्याज दिसतं, मुद्दल दिसत नाही. अन्न अनुदानाचंही तसंच. अन्न महामंडळाला अर्थसंकल्पातून पैसे न देता अल्पबचत निधीतून कर्ज द्यायचं, असं करत मार्च २०२० पर्यंत ते कर्ज अडीच लाख कोटींच्या वर गेलं. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ते ताळेबंदावर आणलं, हे योग्य केलं, तेवढं श्रेय द्यायला हवं.

रोजगार हमी हे फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या लेखी काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक होतं, २०२०-२१ मध्ये त्याच योजनेवर १ लाख कोटींच्या वर खर्च झाला. जीएसटी विधेयक २०११ मध्ये काँग्रेसने आणलं तेव्हा गुजरात आणि मध्य प्रदेशची भाजप सरकारं आडवी आली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये भाजपने आणलं तेव्हा काँग्रेसने ते २०१५ मध्ये राज्यसभेत अडवलं. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी'वर, म्हणजे फुकट वाटपावर, टीका केली, जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्याच पक्षाच्या आघाडीची लाडकी बहीण आली: महिना १५०० रुपये, वर्षाची तरतूद ४६ हजार कोटी. तिजोरीला हे झेपेल का असं विचारणाऱ्या महाविकास आघाडीने नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात ३००० कबूल केले आणि महायुतीने २१००. यादी वाढवता येईल, पण सगळीकडे सूत्र एकच आहे.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर भाषणं सोडा, कागद बघा. केंद्राचा 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात' उघडा आणि अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हे तिन्ही रकाने शेजारी ठेवा. २००८-०९ मध्ये तुटीचा अंदाज २.५ टक्के होता, प्रत्यक्ष ६ टक्के. २०२०-२१ मध्ये अंदाज ३.५, प्रत्यक्ष ९.२. मग खर्चाच्या तपशिलातलं विवरणपत्र २७ बघा. अर्थसंकल्पाबाहेरून उचललेली कर्जं तिथे असतात. तूट कमी दिसत असेल आणि हे विवरणपत्र फुगलं असेल, तर खर्च कमी झालेला नाही, त्याने फक्त जागा बदलली आहे.

राज्यात पुरवणी मागण्या बघा. २०२४-२५ चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प ६ लाख १२ हजार कोटींचा, आणि त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, म्हणजे साडेपंधरा टक्के. अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नव्हते. पुरवणी मागणी ही वर्षाच्या मध्यात अचानक उद्भवलेल्या खर्चासाठी असते. इतकी मोठी मागणी याचा अर्थ मूळ अंदाज गंभीरपणे केलाच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये ५२,३२७ कोटींच्या मागण्या आल्या तेव्हा अजित पवार विरोधी पक्षनेते होते, आणि दीड वर्षाने ९४,८८९ कोटींच्या मागण्या आल्या तेव्हा अर्थखातं त्यांच्याकडेच होतं. मात्र ढोबळ आकड्यावर ओरडू नका, 'निव्वळ भार' शोधा. जून २०२५ च्या ५७,५०९ कोटींच्या मागण्यांत निव्वळ भार ४०,६४४ कोटींचा होता, उरलेले बरेचसे हिशेबातले समायोजन. आणि दत्तमत (सभागृहाच्या मताने मंजूर होणारा खर्च) व भारित हे वेगळे वाचा. भारित खर्चावर सभागृह मत देतच नाही, त्यामुळे त्यावरून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

'संसद बंद म्हणजे मिनिटाला अडीच लाख रुपये पाण्यात' हा युक्तिवाद कृपा करून सोडा. गेली कित्येक वर्षं तो ऐकतोय आणि तो चुकीचाच आहे. सभागृह चालो न चालो, कर्मचारी, इमारत, सुरक्षा यांचा खर्च होतोच. अधिवेशनाचा खर्च फार तर काहीशे कोटींत जातो. बिनचर्चेचे मंजूर होतात ते लाखो कोटी.

दुसरा युक्तिवाद 'गोंधळ हेच विरोधकांचं हत्यार' हा. २०१२ मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी संसद चालू न देणं हाही लोकशाहीचा एक प्रकार असल्याचं म्हटलं होतं. २०१५ च्या पावसाळी अधिवेशनात ललित मोदी प्रकरणात त्यांच्याच राजीनाम्यासाठी काँग्रेसने सभागृह बंद पाडलं, २५ काँग्रेस खासदार निलंबित झाले, आणि १३ ऑगस्टला रालोआने लोकशाही वाचवा म्हणून मोर्चा काढला. विरोधकांचं खरं हत्यार कपात प्रस्ताव आहे. धोरण नापसंत असेल तर मागणी १ रुपयावर आणायची, एखादी तक्रार मांडायची तर १०० रुपयांची कपात, काटकसर हवी तर ठरावीक रकमेची. तो हरतो, पण मतविभाजन झालं की प्रत्येकाचं नाव नोंदलं जातं. २७ एप्रिल २०१० ला इंधन आणि खत दरवाढीवर कपात प्रस्ताव आले. २०१ विरुद्ध २८९ असे पडले. पण झारखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिबू सोरेन यांनी खासदार म्हणून सरकारच्या बाजूने मत दिलं हे उघड झालं, भाजपने झारखंडमधल्या त्यांच्या सरकारचा पाठिंबा काढला आणि महिन्याभरात त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं. नोंदलेल्या एका मताची ताकद एवढी असते. गोंधळात सगळं आवाजी मतदानाने होतं, आणि मतविभाजन मागितलं तरी सदस्य जागेवर नाहीत म्हणून नाकारता येतं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकांवर हेच झालं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. कधीकधी बंद पाडूनच काम होतं. २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजी प्रकरणात जवळजवळ पूर्ण वाया गेलं आणि पुढच्या वर्षी संयुक्त समिती नेमावी लागली. सरकार चर्चाच नाकारत असेल तर विरोधकांपुढे मार्ग कमी उरतात, हेही खरं. २०२०-२१ ची मोठी तूट साथीमुळे होती, तिला उधळपट्टी म्हणता येणार नाही. आणि १९९३ पासून विभागीय स्थायी समित्या मागण्या तपासतात, त्यांचे अहवाल वाचण्यासारखे असतात, अगदी सभागृहाने ते वाचले नाहीत तरी.

पण १४ मार्च २०१८ ला परकीय देणगीच्या त्या ओळीवर तुमच्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं हे शोधायला गेलात, तर नोंदीत एकही नाव मिळणार नाही.